चक्कर, तोल आणि डोळ्यांची साक्ष

चक्कर या एका अनुभवासाठी मराठीत जितके शब्द आहेत, तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या व्याधीच्या वाट्याला आले असतील. भोवळ, घेरी, गरगरणे, भोवंडणे, अंधारी येणे, झोक जाणे हे शब्द बोलणाऱ्याच्या मनात समानार्थी नसतात. बसल्या जागेवरून एकदम उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, ती बहुधा रक्तदाब क्षणभर उतरल्यामुळे. घर गरगर फिरू लागते, तेव्हा अंतर्कर्णातील बिघाडाची शंका प्रथम येते. काहीच फिरत नाही, पण चालताना एका बाजूला झोक जातो, तेव्हा लहान मेंदूकडे लक्ष द्यावे लागते. अर्थात घाबरलेला रुग्ण सकाळी एक शब्द वापरतो आणि संध्याकाळी दुसरा, त्यामुळे केवळ शब्दावर निदान उभारता येत नाही. आजचे तज्ज्ञ ‘कसे वाटते’ यापेक्षा ‘किती वेळ टिकते’ आणि ‘कशाने सुरू होते’ हे दोन प्रश्न अधिक महत्त्वाचे मानतात.

दवाखान्यात मात्र या साऱ्याची नोंद ‘चक्कर’ या एकाच शब्दात होते आणि तिचे कारणही ठरलेलेच असते. मानेचा मणका, अशक्तपणा, पित्त किंवा ‘बी. पी.’ यांपैकी काहीतरी एक सांगितले जाते. मग मानेला पट्टा येतो, शक्तीची इंजेक्शने येतात, चक्करीच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू राहतात. काही घरांत त्याही पलीकडे जाऊन बाहेरची बाधा शोधली जाते. हे सारे चालू असताना एक साक्षीदार मात्र समोरच असतो आणि त्याला फारसे कोणी विचारत नाही. तो साक्षीदार म्हणजे रुग्णाचे डोळे.

तोल सांभाळणारी यंत्रणा बिघडली की डोळ्यांची बुबुळे आपोआप हलू लागतात. ती एका बाजूला सावकाश सरकतात, झटक्याने मूळ जागी येतात, पुन्हा सरकतात. ही हालचाल रुग्णाच्या इच्छेने होत नाही आणि पुष्कळदा त्याला तिची जाणीवही नसते. वैद्यकात तिला निस्टॅग्मस म्हणतात. डुलकी घेताना मान हळूहळू खाली जाते आणि दचकून वर येते, त्यावरून ग्रीक भाषेतील हा शब्द आला. मराठीत तिला नेत्रदोलन म्हणता येईल. शुभाशुभाची चर्चा ज्यावरून होते, ते ‘डोळा लवणे’ मात्र हे नव्हे. डोळा लवतो तेव्हा पापणीचा स्नायू फडफडतो, बुबुळ स्थिर असते.

फुगडी आणि आगगाडी

नेत्रदोलन हा नेहमीच रोग असतो असे नाही. धावत्या आगगाडीच्या खिडकीतून बाहेर पाहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांकडे समोरून पाहावे. विजेचा एखादा खांब दिसला की डोळे त्याच्या मागोमाग सरकतात, तो दृष्टीआड होताच झटक्याने पुढे येऊन नवा खांब पकडतात. ही निरोगी मेंदूची खूण आहे. बोलू न शकणाऱ्या तान्ह्या मुलाला दिसते की नाही, हे तपासण्यासाठी डॉक्टर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे पिंप त्याच्यासमोर फिरवतात, त्यामागील तत्त्व हेच.

दुसरे उदाहरण नागपंचमीच्या आणि मंगळागौरीच्या खेळांतले. फुगडी घालणाऱ्या मुली थांबतात, पण त्यांच्याभोवतालचे अंगण थांबत नाही. त्या क्षणी त्यांचे डोळे पाहिले तर ते आडव्या दिशेने हिसके देताना दिसतील. यामागील कारण कानाच्या आतल्या भागात आहे. कानाच्या पडद्यामागे, कवटीच्या हाडात, प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्या एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या असून त्यांत पातळ द्रव असतो. डोके फिरले की हा द्रव मागे रेंगाळतो आणि तेथील मऊ पडद्यावर दाब येऊन त्यातील केसांसारखे तंतू वाकतात. डोके कोणत्या दिशेने आणि किती वेगाने वळले, हे त्यावरून मेंदूला कळते. फुगडी थांबते तेव्हा अंग थांबते, परंतु द्रव आपल्या ओघात पुढे जातच राहतो. कान सांगतो की शरीर उलट दिशेने फिरत आहे, डोळे व पाय सांगतात की ते स्थिर आहे. या विसंगतीचे नाव चक्कर. घाटातल्या एस. टी.त गाडी लागते, तीही याच जातीच्या विसंगतीमुळे. तेथे कान वळणे मोजत असतो आणि डोळे पुस्तकात असतात.

कानातील या यंत्राचा डोळ्यांशी इतका घनिष्ठ संबंध का असावा, हे एका साध्या प्रयोगाने समजते. हातातला छापील कागद जलद डावीउजवीकडे हलवला तर अक्षरे वाचता येत नाहीत. कागद स्थिर ठेवून तितक्याच वेगाने डोके हलवले तर मात्र वाचता येते. डोके उजवीकडे वळताच डोळे तितक्याच प्रमाणात डावीकडे वळतात आणि जग स्थिर राहते. कानापासून डोळ्यांच्या स्नायूंपर्यंतचा हा निरोप अवघ्या तीन मज्जापेशींच्या साखळीतून जातो आणि एका सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात पोहोचतो. शरीरातील अतिशय जलद प्रतिक्षिप्त क्रियांपैकी ही एक आहे.

दोन्ही बाजूंचे कान विश्रांतीतही मेंदूकडे सारखे संकेत पाठवत असतात. तराजूची दोन पारडी समतोल असावीत तसे ते असतात. एक बाजू अचानक निकामी झाली की पारडे कलते आणि डोळे त्या दुखऱ्या बाजूकडे सरकू लागतात. मस्तिष्कस्तंभातील केंद्र त्यांना झटक्याने परत आणते. सरकणे हा बिघाड आणि झटका ही दुरुस्ती होय. तरीही दिशेचे नाव झटक्यावरून द्यायचे असा प्रघात पडला आहे, कारण डोळ्यांत भरतो तो झटकाच.

व्हिएन्नातील कोमट पाणी

कान हे केवळ ऐकण्याचे इंद्रिय आहे, ही समजूत फार जुनी. फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ फ्लुरांस यांनी १८२४ नंतरच्या काही वर्षांत कबुतरांच्या अर्धवर्तुळाकार नलिका छेदून पाहिल्या, तेव्हा कबुतरे बहिरी झाली नाहीत, तर जी नलिका छेदली तिच्याच प्रतलात त्यांचे डोके झुलू लागले. परंतु दवाखान्यापर्यंत हे ज्ञान पोहोचण्यास बराच काळ गेला. १८६१ साली पॅरिसच्या मूकबधिर संस्थेचे वैद्य प्रॉस्पर मेनिएर यांनी तेथील वैद्यक अकादमीपुढे सांगितले की, चक्कर, कानात आवाज आणि बहिरेपणा एकत्र येतात तेव्हा दोष मेंदूचा नसून अंतर्कर्णाचा असतो. तोपर्यंत अशा रुग्णांच्या मेंदूत रक्त साठले आहे असे मानून त्यांचे रक्त काढण्यात येई. त्या काळी प्रत्येक चक्कर मेंदूच्या माथी मारली जात होती, आज ती मानेच्या मणक्याच्या माथी मारली जाते, एवढाच काय तो फरक.

डोळ्यांच्या साक्षीला शास्त्राचे रूप दिले ते व्हिएन्नातील कर्णतज्ज्ञ रॉबर्ट बाराणी यांनी. कान धुताना रुग्णांना चक्कर येते आणि त्यांचे डोळे हलतात, हे त्यांच्या पाहण्यात आले. एका रुग्णाने सांगितले की पाणी पुरेसे ऊन नसले म्हणजेच असे होते. बाराणी यांनी परिचारिकेला अधिक ऊन पाणी आणावयास सांगितले. या वेळी पाणी फार कढत आले, रुग्णाला पुन्हा चक्कर आली, परंतु डोळ्यांचे हिसके मात्र नेमके उलट दिशेला होते. याचा उलगडा त्यांना स्नानाच्या पाण्याच्या बंबावरून झाला. बंबातले पाणी वर कढत असते आणि तळाशी थंड, कारण तापलेला द्रव वर चढतो. कानातील नलिकेच्या एका भागाला ऊब किंवा गारवा लागला की तिच्यातील द्रवही तसाच वर चढतो वा खाली उतरतो. तसे असेल तर डोक्याची स्थिती उलटी करताच डोळ्यांची दिशाही उलटली पाहिजे, असा तर्क त्यांनी केला, आणि तो खरा ठरला. एकेका कानाची तोल सांभाळण्याची शक्ती स्वतंत्रपणे मोजण्याचे साधन त्यामुळे प्रथमच हाती आले. पुढे १९४२ मध्ये फिट्झजेरल्ड व हॉलपाइक यांनी पाण्याचे तापमान शरीराच्या उष्णतेपेक्षा ७ अंश कमी आणि ७ अंश अधिक, म्हणजे ३० आणि ४४ अंश सेल्सिअस, असे निश्चित केले.

बाराणी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याची वार्ता त्यांना रशियनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत कळली. ऑस्ट्रियाच्या सैन्यात डॉक्टर म्हणून काम करीत असता ते कैद झाले होते. स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांच्या मध्यस्थीने १९१६ मध्ये त्यांची सुटका झाली आणि उरलेले आयुष्य त्यांनी उपसाला येथे काढले. त्यांच्या सिद्धान्ताची आणखी एक परीक्षा व्हावयाची होती. १९८३ साली स्पेसलॅब या अवकाशातील प्रयोगशाळेत अंतराळवीरांच्या कानात ऊन व गार हवा सोडण्यात आली. वजनरहित अवस्थेत तापलेला द्रव वर चढू शकत नाही, म्हणून नेत्रदोलन होणार नाही अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते झाले. बाराणी यांचे स्पष्टीकरण पृथ्वीवर बहुतांशी बरोबर असले तरी पूर्ण नव्हते.

कान की मेंदू?

चक्करीचे सर्वांत अधिक आढळणारे कारण अगदी साधे आहे. अंतर्कर्णाच्या एका पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म खडे असतात. वयोमानाने, डोक्याला मार लागल्याने किंवा काही कारण न घडताही त्यांतले काही सुटतात आणि अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात. मग अंथरुणात कूस बदलताना, माळ्यावरचा डबा काढण्यासाठी मान वर करताना किंवा खाली वाकताना खडे घरंगळतात आणि सारे घर गरगर फिरते. हा झटका सहसा एका मिनिटाच्या आत ओसरतो. १९५२ मध्ये मार्गारेट डिक्स व हॉलपाइक यांनी दाखवून दिले की, रुग्णाला मान एका बाजूला वळवून झटकन उताणे निजवले तर काही क्षणांनी डोळे विशिष्ट प्रकारे गोल फिरत वरच्या दिशेला हिसके देतात. रोग कोणत्या कानात आहे, हे तेथल्या तेथे कळते.

अमेरिकेतील डॉ. जॉन एप्ली यांनी यावर उपचार शोधला. डोके ठरावीक क्रमाने चार-पाच स्थितींत वळवून ते खडे नलिकेतून पुन्हा पिशवीत घरंगळवायचे, एवढेच त्यात करावयाचे असते. त्याला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही, काही मिनिटे पुरतात, आणि बहुतेक रुग्णांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. हे इतके सोपे होते की समव्यवसायिकांचा त्यावर दीर्घकाळ विश्वास बसला नाही. १९८० च्या सुमारास मांडलेली ही पद्धत सविस्तरपणे प्रसिद्ध होण्यास १९९२ साल उजाडले. आज जगभर ती मान्य आहे. असे असूनही याच रुग्णाला वर्षानुवर्षे गोळ्या दिल्या जातात, ही दुःखाची गोष्ट होय. या गोळ्या निरुपद्रवी नाहीत. सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन ही औषधे वृद्धांना दीर्घकाळ दिल्यास हात थरथरणे, चाल मंदावणे अशी कंपवातासारखी लक्षणे निर्माण होऊ शकतात. चक्करीसाठी आणलेली गोळी दुसराच आजार घरात आणते.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. एखाद्याला अचानक चक्कर सुरू होते, ती मिनिटाभरात थांबत नाही, तास उलटतात, उलट्या होतात, उभे राहता येत नाही. हे अंतर्कर्णाच्या मज्जातंतूला सूज आल्याने होऊ शकते, आणि लहान मेंदूचा किंवा मस्तिष्कस्तंभाचा रक्तपुरवठा खंडित झाल्यानेही होऊ शकते. पहिला रुग्ण काही दिवसांत सावरतो. दुसऱ्याच्या मेंदूला सूज येऊन प्राणावर बेतू शकते. पक्षाघात म्हणजे हातपाय लुळे पडणे, अशी सर्वसाधारण समजूत असल्यामुळे हातपाय हलत असलेल्या या रुग्णाला कोणी पक्षाघाताचा रुग्ण मानत नाही.

येथे डोळ्यांची साक्ष निर्णायक ठरते. दोष कानाचा असेल तर नेत्रदोलन प्रामुख्याने आडवे, किंचित गोलाकार असते, रुग्णाने कोठेही पाहिले तरी त्याची दिशा बदलत नाही, आणि एखाद्या वस्तूवर नजर रोखली की ते कमी होते. दोष मेंदूचा असेल तर उजवीकडे पाहताना झटके उजवीकडे आणि डावीकडे पाहताना डावीकडे जाऊ शकतात, डोळे सरळ वरखाली हलू शकतात, आणि नजर रोखल्याने फारसा फरक पडत नाही. १९८८ मध्ये हाल्माग्यी व कर्थॉइज यांनी यात आणखी एका परीक्षेची भर घातली. रुग्णाने डॉक्टरांच्या नाकावर नजर ठेवायची आणि डॉक्टरांनी त्याचे डोके झटकन थोडेसे वळवायचे. कान निकामी असेल तर डोळे डोक्याबरोबर वाहून जातात आणि मागाहून उडी मारून नाकावर येतात. चक्कर चालू असतानाही ही परीक्षा निर्दोष आली, तर कान शाबूत आहे, म्हणजेच दोष मेंदूत असण्याची भीती आहे. परीक्षा ‘चांगली’ येणे हेच येथे अशुभ लक्षण होय, हे विद्यार्थ्यांना प्रथम पटत नाही.

या दोन्ही गोष्टी आणि दोन्ही डोळ्यांची पातळी समान आहे की नाही, अशा तीन पाहण्यांचा एकत्रित उपयोग अमेरिकेत १०१ रुग्णांवर करण्यात आला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ही तपासणी पक्षाघात ओळखण्यात सुरुवातीच्या एम.आर.आय. चित्रापेक्षाही सरस ठरली. पहिल्या दोन दिवसांत काढलेल्या चित्रांत सुमारे १२ टक्के पक्षाघात दिसलेच नव्हते. ही तपासणी शिकलेल्या डॉक्टरांनीच करावयाची आहे, इतरांनी रुग्णाची मान वळवून पाहू नये. परंतु तिचा एक अर्थ सर्वांसाठी आहे. चक्कर चालू असताना बोलणे अडखळणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, गिळताना ठसका लागणे, चेहऱ्याची वा हाताची एक बाजू बधिर होणे, मानेत वा डोक्यात पूर्वी कधी न झालेली तीव्र वेदना, किंवा आधाराशिवाय बसताही न येणे यांपैकी एकही गोष्ट दिसली, तर लिंबूपाणी देऊन निजवण्यात वेळ घालवू नये. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. आपल्या राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. ती बोलावताना ‘चक्कर आली’ एवढेच न सांगता लक्षणे केव्हा सुरू झाली ती वेळ सांगितल्यास पुढील डॉक्टरांचे काम पुष्कळ सोपे होते.

मुंबईत घेतलेला शोध

डोळ्यांच्या हालचालीवरून मेंदूचा आजार ओळखण्याच्या शास्त्रात महाराष्ट्राचाही मोलाचा वाटा आहे, आणि तो पुरेसा परिचित नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील मज्जासंस्थेचे विख्यात तज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांच्याकडे चालताना तोल जाणारे, बोलणे जड झालेले काही रुग्ण येत. आजार एकाच घरातील अनेकांना आणि पिढ्यान्‌पिढ्या होत असे. लहान मेंदूच्या अशा आनुवंशिक ऱ्हासात नेत्रदोलन दिसणे अपेक्षित असते. या रुग्णांच्या डोळ्यांत झटक्यांऐवजी दुसरेच काही दिसले. एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे निरोगी डोळा क्षणार्धात उडी मारतो. या रुग्णांचे डोळे मात्र जड ओझे ओढावे तसे सावकाश सरकत. पाहावयाच्या दिशेला आधी डोके वळे आणि डोळे मागून येत. झटका निर्माण करणारे मस्तिष्कस्तंभातील केंद्रच दुबळे झाले होते.

वाडिया आणि त्यांचे सहकारी स्वामी यांनी १९७१ मध्ये ‘ब्रेन’ या इंग्लंडमधील नियतकालिकात अशा नऊ कुटुंबांची हकीकत प्रसिद्ध केली आणि हा वेगळा आजार असल्याचे प्रतिपादन केले. त्या काळी जनुक तपासण्याची सोय नव्हती. साधन होते ते समोर बसलेल्या रुग्णाच्या डोळ्यांकडे बारकाईने पाहणे, एवढेच. पुढे १९९६ मध्ये या गटातील एका आजाराचे जनुक सापडले, आणि मंद नेत्रगती हे त्याचे ठळक लक्षण असल्याचे वाडिया यांनीच पुढील संशोधनात दाखवून दिले. आज त्याला स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, प्रकार दुसरा, असे म्हणतात.

या रुग्णांच्या बाबतीत एक सामाजिक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. लहान मेंदू दुबळा झालेला माणूस पाय फाकून, झोकांड्या देत चालतो. त्याची जीभ जड असते, डोळे विचित्र हलतात. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण त्याला दारू प्यालेला समजतो. कचेरीत तो दुरुत्तरे ऐकतो, कंडक्टर त्याला गाडीत चढू देत नाही, सोयरिकीच्या वेळी घराची बदनामी होते. या गैरसमजाला थोडासा आधारही आहे, कारण मद्य खरोखरच लहान मेंदूवर परिणाम करते आणि बाजूला पाहताना नेत्रदोलन घडवते. अमेरिकेतील पोलीस रस्त्यावर मद्यपी चालकांची जी परीक्षा घेतात, तीत डोळ्यांचे हे हिसके पाहिले जातात. परंतु मद्याचा अंमल रात्रीत उतरतो. रोज सकाळीही तसाच चालणारा माणूस आजारी आहे, हे ओळखण्यास वैद्यकीय शिक्षणाची गरज नाही.

औषधांमुळेही असे घडते. फेफऱ्यासाठी दिले जाणारे फेनिटॉइन हे औषध रक्तात प्रमाणाबाहेर वाढले की प्रथम डोळे हलू लागतात, मग तोल जातो. अशा वेळी औषध आपल्या मनाने बंद करणे हा उपाय नव्हे, कारण एकदम बंद केल्यास झटके उसळून येतात. मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. सतत मद्यपान करणाऱ्या किंवा दीर्घकाळ उलट्या व उपासमार सोसणाऱ्या माणसात ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने डोळ्यांच्या हालचाली बिघडतात, तोल जातो आणि भ्रम होतो. वेर्निके यांनी १८८१ मध्ये वर्णिलेल्या या आजारात ते जीवनसत्त्व तातडीने शिरेतून दिले तर डोळे लवकर सुधारतात. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाते.

क्षयरोगावर अनेक दशके सर्रास दिले गेलेले स्ट्रेप्टोमायसिन आणि त्याच गटातील, आजही वापरात असलेले जेंटामायसिन ही औषधे अंतर्कर्णातील नाजूक तंतूंना इजा करतात. दोन्ही कान सारखेच निकामी झाले तर पारडी समतोल राहतात, म्हणून नेत्रदोलन होत नाही आणि घरही फिरत नाही. पण चालताना सारे जग हिंदकळते आणि अंधारात पाऊल टाकता येत नाही. अमेरिकेतील एका डॉक्टरांनी स्वतःवर ओढवलेला हा प्रसंग १९५२ साली केवळ आद्याक्षरे देऊन प्रसिद्ध केला. नाडीच्या ठोक्यांनी डोके किंचित हलत असे, तेवढ्यानेही त्यांना अक्षरे दिसेनाशी होत. पलंगाच्या दोन गजांमध्ये डोके टेकवून ते वाचत असत.

कामाच्या जागेमुळे होणारा नेत्रदोलनाचा एक प्रकार आता जवळजवळ इतिहासजमा झाला आहे. बेल्जियम व ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत मिणमिणत्या दिव्यांच्या उजेडात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या कामगारांचे डोळे हलू लागत. ब्रिटनमध्ये १९०७ पासून त्यासाठी नुकसानभरपाई मिळू लागली. कामगार खरोखर आजारी आहे की सोंग करीत आहे, यावर तेथील डॉक्टर पुष्कळ वर्षे वाद घालीत राहिले. खाणीत विजेचे चांगले दिवे आले आणि रोग मागे पडला.

वर्गातील मूल

नेत्रदोलन जन्मापासून किंवा पहिल्या काही महिन्यांत सुरू झालेले असेल, तर त्याचा विचार वेगळा करावा लागतो. बाळ दोन-तीन महिन्यांचे होऊनही आईच्या चेहऱ्यावर नजर लावत नसेल, त्याचे डोळे इकडे तिकडे भटकत असतील, तर ‘मोठे झाल्यावर आपोआप थांबेल’ असे म्हणून वाट पाहू नये. दोन्ही डोळ्यांत जन्मजात मोतीबिंदू असला तर प्रकाशाचे चित्र मेंदूपर्यंत पोहोचत नाही आणि मेंदू पाहावयास शिकतच नाही. दाट मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांत झाली पाहिजे. डोळे भटकू लागले याचा अर्थ उशीर होऊ लागला आहे. चांगल्या नजरेच्या मुलाचे डोळे अचानक सर्व दिशांना नाचू लागले आणि त्याचा तोल जाऊ लागला, तर छातीत वा पोटात गाठ तर नाही ना, याची तपासणी करावी लागते.

पुष्कळ मुलांत मात्र असे कोणतेही संकट नसते. वर्णद्रव्याच्या अभावामुळे केस व त्वचा पांढरी असलेल्या मुलांत नेत्रदोलन बहुधा असते, काही घराण्यांत ते आनुवंशिक असते. या मुलांना जग हलताना दिसत नाही, कारण मेंदूने त्याची सवय करून घेतलेली असते. नजर मात्र कमी असते. डोळ्यांच्या एखाद्या विशिष्ट स्थितीत त्यांचे हिसके सर्वांत कमी होतात, आणि ती स्थिती साधण्यासाठी मूल मान वाकडी करून फळ्याकडे पाहते. गुरुजी ‘मान सरळ ठेव’ म्हणून दरडावतात, तेव्हा ते नकळत त्याच्या नजरेतला सर्वांत स्पष्ट भाग काढून घेत असतात. पुस्तक नाकाजवळ धरल्यानेही हिसके कमी होतात. त्याने डोळे बिघडत नाहीत. एक डोळा झाकला की हिसके वाढतात, म्हणून अशा मुलाची नजर एकेका डोळ्याने तपासली तरी दोन्ही डोळे उघडे ठेवूनही तपासली पाहिजे, एरवी तक्त्यावरची नोंद प्रत्यक्षापेक्षा वाईट येते. थकवा, भीती आणि घाई यांनी नेत्रदोलन वाढते. परीक्षेत आणि सर्वांसमोर उभे करून वाचावयास लावले असता हे मूल अडखळते, एरवी तेच धडा नीट वाचते. ते मठ्ठ नसते.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक कायद्यात अंधत्वाबरोबर अल्पदृष्टीचाही स्वतंत्र समावेश आहे. चांगल्यात चांगला चष्मा लावूनही बऱ्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी असेल, तर मूल त्या व्याख्येत बसू शकते. अशी बरीच मुले ‘आंधळी नाहीत’ म्हणून प्रमाणपत्रासाठी नेलीच जात नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. त्याच्या फिरत्या पथकांनी अंगणवाडीतील बालकांना वर्षातून दोनदा आणि शाळांतील मुलांना वर्षातून एकदा तपासावे अशी योजना आहे. पथक येते त्या दिवशी मान वाकडी करून पाहणारे मूल शेतावर गेलेले नसेल, एवढे मुख्याध्यापक आणि अंगणवाडी सेविका पाहू शकतात. बसण्याची जागा ठरवताना त्याला मान ज्या बाजूला वळवावी लागते ती विचारात घ्यावी. मान डावीकडे वळवून तिरप्या नजरेने उजवीकडे पाहणाऱ्या मुलाला वर्गाच्या डाव्या बाजूस, पुढच्या ओळीत बसवले की फळा आपोआप त्याच्या नजरेच्या टप्प्यात येतो आणि मान फारशी वळवावी लागत नाही.